भावजींची पाठवणी

"ते घर तिचं नाहीच मुळी. घुशींचं आहे. तीच त्यांच्यात पोटभाडेकरू म्हणून राहते."

आमच्या ओटीवर बसून, बशीतल्या चहावर फुंकर घालत दिवाणजी हे माझ्या वडिलांना सांगत होते. मी दाराआड पुस्तक घेऊन उभी होते. ठमाबाय चिंबोऱ्यांची टोपली घेऊन अंगणात आलेली होती. दिवाणजींनी तिला पाहिलं नव्हतं, की पाहूनच ते बोलले होते, हे मला अजून ठरवता येत नाही.

"मंग नोटीस बी त्यांनाच द्या, दिवानजी," ती अंगणातूनच म्हणाली. "माजे हातान कशाला देताव? मना वाचाला येत नाय. त्यांना येत असंल. कागद लय कुरतडलेत त्यांनी."

वडील बशीत बघत राहिले. दिवाणजी हसले, पण चहा अर्धाच टाकून उठले. ठमाबायनं टोपली पायरीवर ठेवली आणि आत वाकून माझ्याकडे बघितलं. "मुके, आयसला सांग, चार हायेत. चारी जित्या."

मला मुकी हे नाव तिनंच दिलं होतं, माझी तिची ओळख झाली त्याच्या चौथ्या दिवशी. माझं शिक्षण मुंबईला मामाकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी आईवडिलांकडे राहायला आले, ते उरणच्या अलीकडे, जासईच्या बाजूला, खाडीकाठच्या एका मिठागरावर. वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. मिठागराचे मालक शेठ मुंबईत बसत आणि त्यांच्या वतीनं इथला कारभार दिवाणजी बघत. माझं मराठी तेव्हा घरातल्या घरात वापरायच्या चार भांड्यांसारखं होतं. बाहेर काढायची लाज वाटे. चुकण्यापेक्षा गप्प बरं, असा मी हिशेब केला होता. ठमाबायला तो कळला असावा. तिनं मला कधी "बोल ना गं" असं म्हटलं नाही. बाकी सगळ्यांनी म्हटलं.

ती पन्नाशीची असेल. काळी, काटक, गुडघ्यावर घट्ट कासोटा मारलेलं लुगडं, दात मशेरीनं काळे. पण तिला ओळखायचं ते पावलांवरून. ती चालताना आधी टाच आपटायची. तीस वर्षं तिनं मिठाचे वाफे तुडवले होते. खाडीचं पाणी आत घेण्याआधी वाफ्याची चिकणमाती बायका ओळीनं उभं राहून टाचांनी तुडवतात, तासन् तास, ती दगडासारखी घट्ट होईपर्यंत. नाहीतर पाणी झिरपतं आणि मीठ धरत नाही. त्या सवयीनं ठमाबाय कुणाच्याही घरात शिरली की उंबऱ्याच्या आत पहिली टाच आपटायची आणि मान तिरकी करून ऐकायची.

"भरीव," असं म्हणून मग बसायची. किंवा "पोकल" म्हणून उभीच राहायची.

माणसांनाही तिचे हेच दोन शब्द पुरत. माझे वडील तिच्या मते भरीव होते, "पन वरून ओले". तलाठी पोकळ. आमच्या घरी येणारा एक भिक्षुक "अर्धा भरलेला, तो बी लाडवांनी". दिवाणजींच्या बाबतीत ती नुसती टाच आपटायची आणि कान देऊन ऐकल्यासारखं करायची. शब्दच वापरायची नाही. बायका तोंडाला पदर लावून हसत.

तिचं घर बांधाच्या टोकाला, उघाडीपाशी होतं. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचा दरवाजा. तो उघडायचं आणि लावायचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं. एका मोठ्या उधाणात बांध फुटला, तेव्हा तो फुटल्या जागी उभा राहून माती टाकत होता आणि मातीबरोबरच गेला. त्यानंतर म्हातारे शेठ स्वतः आले होते. तिच्या दारात उभं राहून म्हणाले होते, "ठमा, तू आहेस तोवर हे घर तुझं." कागद कुणी केला नाही. मागावा असं तिच्या मनातही आलं नाही. पुढे म्हातारे शेठ वारले. धाकट्या शेठनं मिठागर कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला पनवेलचा एक लॉरीवाला कंत्राटदार कचेरीत वरचेवर येऊ लागला. ठमाबायच्या घरापर्यंत गाडीवाट येत होती आणि लॉऱ्या उभ्या करायला, गोदाम घालायला तेवढीच एक उंच कोरडी जागा होती. त्याच महिन्यात दिवाणजींच्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं नवं घड्याळ आलं. न बोलणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी फार दिसतात. ते सदऱ्याची बाही दोन घड्या वर दुमडून वेळ बघत, आणि वेळ कुणी विचारलेली नसे.

मग नोटीस आली. घराचं जोतं घुशींनी पोखरलं आहे, घर धोक्याचं आहे, मृगाच्या आत रिकामं करावं, नंतर ते पाडण्यात येईल.

यातली वाईट गोष्ट अशी, की घुशी खरंच होत्या. मांजराएवढ्या. जोत्याच्या कडेनं रोज सकाळी ताज्या मातीचे ढीग दिसत. चुलीजवळची भुई एका जागी खचली होती. ठमाबायनं टाच मारली की तिथून डब्यासारखा आवाज येई. दिवाणजींनी खोटं कारण दिलं असतं तर ती नुसती भांडली असती. कारण खरं होतं, म्हणून तिला काम करावं लागलं.

मी तिच्याकडे जायला लागले ते आईनं रिकामी टोपली परत द्यायला पाठवलं म्हणून. उंबऱ्यात पाय ठेवला आणि एका बिळातून शेपटी आत सरकताना दिसली. मी दचकून "घू..." म्हटलं, तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मिठाचा आणि लसणाचा वास होता.

मला बाहेर बांधावर नेऊन ती म्हणाली, "घरान नाव नाय घ्यायाचं. आयकतात ते. नाव घेतलं, बेत बोलला, की सावध झाले. मंग काय बी कर, हात लागत नाय." मग स्वतःशीच हसली. "बाईनं घरान दोघांचंच नाव घ्यायाचं नसतं. एक नवऱ्याचं, एक ह्यांचं. मी भावजी बोलतंय. दीरच ते. बसून खातात, वर भिंत पोखरतात."

तिला खरे दीर दोन होते. नवरा गेल्यावर एकदाही फिरकले नव्हते.

"तू बरी हायेस," तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुजे तोंडातून काय फुटत नाय. तूच ये माजे मदतीला."

माझ्या मुकेपणाचा कुणाला उपयोग होईल असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिचा पहिला उपाय मांजराचा होता. उरणच्या मासळीबाजारातून तिनं एक कान फाटलेला, दांडगा बोका आणला आणि त्याचं नाव फौजदार ठेवलं. तीन दिवस त्याला सुकट आणि भात चारला. चौथ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी एक भावजी बिळातून निघाले आणि फौजदाराच्या समोरून, घाई न करता, चुलीकडे गेले. फौजदार कुडावरून आढ्यावर चढला तो दोन दिवस उतरला नाही. ठमाबाय बांबूच्या टोकाला वाटी बांधून त्याला वर जेवण पोचवत होती. येणारेजाणारे विचारत, "काय ठमाबाय, मांजर कया गेला?"

"बंदोबस्तावर हाय," ती सांगे. "वरून लक्ष ठेवतो. मोटे अधिकारी खाली उतरत नायत."

ही गोष्ट कचेरीत पोचली. दिवाणजींनी मोठ्या मनानं उंदराच्या औषधाची पुडी पाठवली. "म्हातारीला म्हणावं, पिठात मळून ठेव. संपेल कटकट." पुडी वडिलांनी आणली, मी तिच्याकडे नेली. तिनं ती हुंगली, पुन्हा नीट बांधली आणि मला बांधावर यायची खूण केली.

"खाल्ला की मरतील कुटं?" तिनं विचारलं.

मी खाली, जमिनीकडे बोट केलं.

"मंग वास सुटला की मी काय करंन?"

मी खणायची खूण केली.

"भुई खनंन. जोता फोडंन. दिवानजीला जा पायजे, ता मीच माजे हातान करंन." तिनं पुडी माझ्या हातात परत दिली. "त्याला सांग, आमचे भावजींना बाजारचं पीठ चालत नाय."

हा निरोप मी अर्थातच दिला नाही. पुडी आमच्या माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होती.

माझ्या वडिलांनी, भिडेभिडेनं, आणखी एक उपाय सुचवला. उघाडी जवळच आहे, भरतीचं पाणी बिळात सोडलं तर? ठमाबायनं त्यांचा मान ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, पानी माज्या दारावरनं एकाला घेऊन गेलंय. घरान मी त्याला बोलवाची नाय."

नंतर कुणी उपाय सुचवले नाहीत.

शेवटी जो बेत ठरला तो सगळा खुणांनी आणि बांधावरच्या कुजबुजीत ठरला. तिनं मला घराचा नकाशा काढायला लावला. भूगोलाच्या वहीत मी नद्यांचे नकाशे काढत असे, त्याच वहीच्या मागच्या पानावर मी ठमाबायचं घर काढलं. मग तिनं चुलीजवळच्या बिळात ओला पेंढा आणि गोवरी पेटवून सुपानं थोडा धूर आत घातला. मी घराभोवती पळत जिथून जिथून धूर निघाला तिथे नकाशावर फुली मारली. बाहेर सात फुल्या झाल्या. एक तर कोंबड्यांच्या खुराड्याखाली होती. ठमाबायनं तो कागद हातात घेतला. वाचता येत नसलेल्या त्या बाईला नकाशा मात्र पहिल्या फटक्यात कळला. तिनं एका फुलीवर बोट ठेवलं. ती कचेरीच्या बाजूला होती.

"ही ठेवायची. बाकीच्या बुजवायच्या."

पाठवणीचा दिवस सकाळचा धरला. भावजी रात्रभर हिंडून सकाळी निजतात, तेव्हा सगळे घरात असतात, हा तिचा तर्क. सहा बिळांत फुटक्या कौलांचे तुकडे, बाटल्यांची काच आणि वर मिठागरातली चिकणमाती असं ठासून झालं. शेजारच्या तीन बाया आल्या होत्या. त्यांनाही ठमाबायनं आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की, "उद्या सकाली पाठवनी हाय, सूप घेऊन या." पाठवणी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती उंबऱ्याच्या आत बोलली नसती.

चुलीजवळच्या बिळात पेंढ्याबरोबर तिनं सुक्या मिरच्यांची ओंजळ टाकली. सुपं हलायला लागली. दोन मिनिटांत आम्ही सगळ्या खोकत, रडत, नाकाला पदर लावून होतो. फौजदार जीव घेऊन जो पळाला तो परत आलाच नाही. मी बाहेर, उघड्या ठेवलेल्या बिळापासून दहा पावलांवर उभी होते. आधी धूर आला. मग एक नाक. मग ते सगळं धूड. त्यामागे आणखी एक, मग दोन पिल्लं, मग एक म्हातारी, जी थांबून शिंकली. घूस शिंकते हे मला तोवर माहीत नव्हतं. पाचही जणं उन्हात क्षणभर आंधळ्यासारखी फिरली आणि मग एका ओळीत, गाडीवाट ओलांडून, सरळ कचेरीच्या कोठीखाली गेली. तिथे रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या होत्या.

ठमाबायच्या हातात जमीन चोपायचं लाकडी चोपणं होतं. तिनं ते एकदाही उगारलं नाही. नवरी निघताना बायका बघत उभ्या राहतात तशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"गेले थोरले घरी," ती म्हणाली. "तया खानं बी बरं हाय."

नंतरचे तीन दिवस तुडवणी चालली. भुई खचली होती तेवढी उकरून तिच्यात दगडगोटे आणि माती भरली, आणि मिठागरावर काम करणाऱ्या आठ बाया हातात हात घालून त्या एका खोलीत मिठाचा वाफा तुडवावा तशी भुई तुडवत राहिल्या. ठमाबायनं मलाही ओळीत ओढलं. माझे पाय बुटामोज्यांतले. पहिल्या दिवशी टाचा सोलून निघाल्या. कुणी हसलं नाही. फक्त माझ्या डाव्या बाजूची बाई म्हणाली, "जोरान मार, मुके. पायानं तरी बोल."

चौथ्या दिवशी ठमाबायनं सगळ्या खोलीभर टाच आपटत फेरी मारली. चुलीजवळ, कोपऱ्यात, उंबऱ्याशी. एकच आवाज येत होता, जाड आणि बंद.

"भरीव," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या घरात मी तिला टेकून बसलेलं पाहिलं.

दिवाणजी मात्र बघायला आले नाहीत. वडिलांनी त्यांना दबक्या आवाजात सांगितलं की जोतं आता पक्कं झालंय. ते म्हणाले, "मुंबईला रिपोर्ट गेलाय. घराखाली घुशी आहेत म्हणजे आहेत. तुम्ही तुमच्या टेबलापुरतं बघा." हे मी जेवताना ऐकलं. वडिलांनी त्या रात्री दुसरी पोळी घेतली नाही. घड्याळ त्यांनीही पाहिलं होतं. पण त्यांना नोकरी होती, आणि राहतं घर मिठागराचंच होतं.

मृगाला तीन आठवडे राहिले तेव्हा ठमाबाय मला बांधावर भेटली. "इंग्रजीन लिवतेस ना? मुंबईचे पेढीवर मराठी वाचनारा कोन नाय बोलतात. नवा म्यानेजर उत्तरेकडचा हाय. तू इंग्रजीन लिव. बापसाला सांगू नको."

पत्र लिहायला आम्ही उघाडीच्या कठड्यावर बसलो. पहिली अडचण नवऱ्याच्या नावाची. ती घेईना. मी पेन धरून बसले. तिनं वर, सूर्याकडे बोट केलं. मी हळूच म्हटलं, "रवी?" तिनं मान हलवली. "सूर्या?" तिनं कपाळावर हात मारला.

"पूजा नाय का घालत, केलीचे खांब लावून? परसाद वाटतात?"

"सत्यनारायण?"

"हां. त्यातला सत्य सोड."

"नारायण."

"झाला." तिनं कचेरीकडे बघितलं. "तयाचे लोकांनी बी तेवराच सोडलाय."

दुसरी अडचण खरी होती. मी इंग्रजीत उंदीर लिहायला लागले तर ती म्हणाली, "उंदीर नको. उंदीर शेठचे घरान बी असतील. दिवानजी बोलला ता शब्द लिव." घुशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला घुशी शिकवल्या नव्हत्या. मी तो शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच लिहिला. जी, एच, दोनदा ओ आणि एस. पत्रात साधारण असं होतं: मी नारायणची विधवा ठमा. दिवाणजी म्हणतात माझ्या घरात घूस आहे. मी माझ्या घरातली सगळी घूस काढून टाकली आहे. किती घूस होती ते दिवाणजींना ठाऊक आहे. आपण स्वतः येऊन बघावं.

मी ते वाचून मराठीत सांगितलं. ठमाबायनं खूश होऊन अंगठा उठवला. उरणच्या पोस्टात पत्र मीच टाकलं.

आठव्या दिवशी मॅनेजर लाँचनं मोरा बंदरात उतरून, तिथून भाड्याची जीप करून आले. न कळवता. उन्हानं लालबुंद झालेले, काळा कोट, हातात माझं पत्र. ते कचेरीत गेलेच नाहीत. सरळ ठमाबायच्या दारात जाऊन उभे राहिले. मागून दिवाणजी धावत, त्यांच्या मागे माझे वडील, आणि तुडवणीच्या बायांपैकी जितक्या होत्या तितक्या. मी आधीच आत होते, कोपऱ्यात, कोंबड्यांना कणी टाकत.

"घूस किसने ली?" मॅनेजर म्हणाले. "कितनी ली? किससे ली? साफ साफ बोलो."

कुणालाच काही कळेना. दिवाणजींच्या तोंडावरचा रंग मात्र गेला. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि दुमडलेली बाही त्यांनी खाली ओढली. मी कोपऱ्यातून ते पाहिलं, आणि त्याच क्षणी मला मामाच्या शेजारचे हिंदी बोलणारे सद्गृहस्थ आठवले आणि लक्षात आलं की मी काय लिहून बसले आहे. त्यांच्या भाषेत घूस म्हणजे लाच. मी पेढीला लेखी कळवलं होतं की दिवाणजींना लाच किती ते ठाऊक आहे.

हे दिवाणजींनाही उमगलं, माझ्यानंतर थोड्या वेळानं. सुटकेचं असं हसू मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. "अहो साहेब! घूस म्हणजे चूहा! बडा चूहा! आमच्याकडे त्याला घूस म्हणतात. ही कारकुनाची पोरगी इंग्रजी शाळेतली, मराठीची बोंब, शब्द चुकला तिचा."

मॅनेजर आधी ओशाळले, मग मोठ्यानं हसले. जमलेले पुरुषही हसले. वडील जमिनीकडे बघत होते. एका चुह्यासाठी समुद्र ओलांडून आलेला माणूस परत जायच्या घाईत असतो. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "तो ठीक है, दिवाणजी, ये सब तुम ही देख लो."

त्या शब्दांनी घर गेलं होतं. ठमाबायला हिंदी येत नव्हतं, पण ते तिला कळलं. ती मॅनेजरच्या पुढे गेली आणि टाच आपटून बोलली, "आयका सायब, भरीव हाय! तुमी मारून बघा!" ते बूट घालून उभे होते आणि घड्याळात लाँचची वेळ बघत होते. ती कोपऱ्यात माझ्यासमोर आली. माझ्या पावलांपासून वीतभर अंतरावर तिनं एकदाच टाच आपटली, आणि मान तिरकी करून ऐकत उभी राहिली.

मॅनेजर मला विचारत होते, जरा गमतीनंच, इंग्रजीत, की मुली, मग शब्द चुकला ना तुझा?

मी इंग्रजीत एक वाक्य बोलले. एकच. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

मॅनेजर हसायचे थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे, खाली ओढलेल्या बाहीकडे. मग लाँच चुकली तर चुकली असं ठरवल्यासारखा कोट काढून हातावर घेतला आणि म्हणाले, "चलिए दिवाणजी, कचेरी देखते हैं." ते त्या रात्री कचेरीतच राहिले. कोठीखालच्या पोत्यांतून भावजींनी त्यांना झोपू दिलं नाही, असं शिपाई सांगत होता. दिवाणजी पुढच्या आठवड्यात आजारपणाच्या रजेवर गेले आणि रजा संपलीच नाही. लॉऱ्या आल्या नाहीत. नारायणच्या विधवेनं हयातीपर्यंत तिथे राहावं, असा शेरा मॅनेजरनी वडिलांच्याच हातानं लिहून घेतला. त्या रात्री जेवताना वडिलांनी आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

गेल्या वर्षी मी ठमाबायला शेवटची भेटले. मी आता मुंबईत टेलिफोन ऑपरेटर आहे. एसटीनं जासईला उतरून बांधावरून चालत गेले. घर तसंच उभं होतं. ती दारात बसली होती. गुडघे वळत नव्हते, म्हणून टाचेऐवजी काठीनं भुई ठोकत होती. माझी नोकरी ऐकून ती खोकला लागेपर्यंत हसली. "मुकीला बोलाचं काम दिला! सरकार येडं हाय."

मग ती काठीवर भार देत उठली. हात धरून तिनं मला उंबऱ्याच्या आत ओढलं.

"त्या दिशी काय बोललीस गं? इतकी वरसं इचारीन इचारीन करतंय. मना इंग्रजी नाय समजली. लोकांनी दहा तऱ्हेनं सांगितली. तू सांग. आपले भाषेन."

मी भुईकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो शब्द त्या घरात मी आपल्या भाषेत कधी पुरा उच्चारला नव्हता.

"बोल की," तिनं काठी आपटली. "आता कोन हाय खाली आयकाला?"

तेव्हा मी त्या घराच्या मधोमध उभी राहून, बांधापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आये, मी म्हटलं, घूस आहे, साहेब. पण ती घराखाली नाही."